जुन्या गाडीचे दिवे: दोष नेमका कुठे आहे ते शोधायची पद्धत

जुन्या गाडीचे दिवे नीट लागत नाहीत म्हटलं की पहिला खर्च बल्बवर होतो. बल्ब बदलून फरक पडला नाही की बॅटरी, मग डायनॅमो, आणि शेवटी कुणीतरी शंभर वॅटचे बल्ब घालायचा सल्ला देतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. वीस-तीस वर्षं जुनी महिंद्रा जीप असो, प्रीमियर पद्मिनी असो की मारुती ८००, तिचे दिवे बिघडतात ते बहुतेक वेळा जोडांमुळे. गंजलेली अर्थिंग, हिरवं पडलेलं टर्मिनल, सैल कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा खटका), आतून जळलेला स्विच. हे भाग वरून ठीक दिसतात आणि पाऊस सुरू झाला की दगा देतात. म्हणून नव्याने हात घालणाऱ्याने एक नियम पक्का धरावा: दिवा पेटलेला असताना व्होल्टेज मोजल्याशिवाय एकही भाग विकत आणायचा नाही.

इथे सांगितलेलं सगळं १२ व्होल्टच्या आणि बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेल्या गाड्यांसाठी आहे. काही फार जुन्या ब्रिटिश धाटणीच्या गाड्यांत प्लस बॉडीला असतो, तेव्हा सुरुवातीलाच बॅटरीची कोणती केबल चॅसीला जाते ते बघून घ्या. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचा हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या एसी करंटवर चालतो. त्याचं शास्त्र निराळं, ते इथे लावू नका.

हाताशी काय हवं

एक साधा डिजिटल मल्टिमीटर. २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब होल्डरसकट घेऊन त्याला दोन वायरी आणि टोकांना क्लिपा लावून केलेला टेस्ट लॅम्प. चार-पाच मीटर लांबीची, दोन्ही टोकांना मगरक्लिप असलेली वायर. पॉलिश पेपर, तारेचा छोटा ब्रश, दहा आणि बारा नंबरचे पाने, लग (वायरीच्या टोकाला बसवायचं धातूचं टोक) दाबायची क्रिंपिंगची पक्कड, हीट श्रिंक स्लीव्ह आणि पेट्रोलियम जेली. घरातला लाइन टेस्टर इथे उपयोगाचा नाही, त्यातला निऑन १२ व्होल्टवर पेटतच नाही.

टेस्ट लॅम्प मुद्दाम २१ वॅटचा सांगतो आहे. बाजारात मिळणारा पेनसारखा एलईडी टेस्टर नाममात्र करंट घेतो, त्यामुळे आतून कुजलेल्या वायरवरही तो झकास पेटतो. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो. वायर तेवढं देऊ शकत नसेल तर तो मिणमिणतो, आणि तुम्हाला उत्तर मिळतं.

काम सुरू करण्याआधी अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. पाना बॅटरीच्या प्लसवर असताना अंगठी बॉडीला टेकली तर बोट भाजतं, आणि फार वाईट भाजतं. वायर कापायची किंवा स्विच सोडवायचा असेल तेव्हा बॅटरीचा मायनस आधी काढा आणि जोडताना तो सगळ्यांत शेवटी लावा. इंजिन चालू ठेवून मोजमाप करायचं तर गाडी मोकळ्यावर काढा, बंद गॅरेजमध्ये नको. पेट्रोलचा वास येत असेल तर त्या दिवशी वायरिंगला हात लावू नका.

आधी नुसतं बघा

पाना उचलण्याआधी एका माणसाला आत बसवा आणि एकेक दिवा लावायला सांगून तुम्ही गाडीभोवती फिरा. पार्किंग, डिपर, अप्पर, दोन्हीकडचे इंडिकेटर, ब्रेक, रिव्हर्स. काय लागतं, काय मंद लागतं आणि एक लावल्यावर दुसरं काय होतं, ते कागदावर लिहा. यातला तिसरा मुद्दा सोन्यासारखा आहे, त्याकडे पुढे येतो.

या यादीवरून अर्धं काम होतं. एकच दिवा बंद असेल तर दोष त्या दिव्यापाशी: बल्ब, होल्डर किंवा त्याची अर्थ. एका बाजूचे सगळे दिवे मंद असतील तर त्या कोपऱ्याची अर्थ. दोन्ही हेडलाइट सारखेच मंद असतील तर दोघांच्या सामाईक रस्त्यावर, म्हणजे स्विच, डिपर, फ्यूज बॉक्स किंवा त्यांना येणारी मुख्य वायर. गाडीतला प्रत्येक दिवा, हॉर्न आणि वायपरही मंद असेल तरच बॅटरी आणि चार्जिंगकडे वळा.

बॅटरी आणि चार्जिंग

हे लवकर उरकतं. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.४ ला साधारण पाऊण, १२.० च्या आसपास जवळपास रिकामी. मग इंजिन चालू करून, हेडलाइट लावून, ॲक्सिलेटर थोडा वर धरून पुन्हा मोजा. १३.८ ते १४.४ असावेत. १३ च्या खाली राहिले तर आधी अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारा भाग) फिरवणारा पट्टा सैल आहे का बघा, मग खुद्द अल्टरनेटर. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर, ज्याला आपल्याकडे कटआउट म्हणतात, तो बिघडलाय. ‘बल्ब सारखे उडतात’ ही तक्रार असेल तर त्याचं मूळ बरेचदा इथे सापडतं.

गाडीत अल्टरनेटर नसून खराखुरा जुना डीसी डायनॅमो असेल तर आयडलवर दिवे मंद होणारच, कारण कमी फेऱ्यांना तो चार्ज देत नाही. तो दोष नाही, त्याच्या मागे लागू नका.

अर्थिंग: इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या

गाडीत प्रत्येक दिव्याकडे करंट वायरीतून जातो आणि परत येतो तो पत्र्यातून. परतीचा हा रस्ता म्हणजे अर्थ. नव्या गाडीत तो उत्तम असतो. जुन्या गाडीत त्या रस्त्यावर रंगाचा थर, गंज आणि चिखल साचलेला असतो. जीपमध्ये तर बॉडी चॅसीवर रबरी पॅडांवर बसवलेली असते. चॅसी ते बॉडी असा अर्थचा पट्टा तुटला किंवा कुणी काढून टाकला असेल तर अख्ख्या बॉडीतले दिवे मिळेल त्या वाटेने परत यायला बघतात. आणि डेंटिंग-पेंटिंग करून आणल्यावर दिवे बिघडलेली गाडी दिसली तर मी आधी अर्थचे बोल्ट उघडतो. पेंटरने त्यांच्याखाली छान जाड रंग दिलेला असतो.

अर्थ गेली की दिवे विचित्र वागायला लागतात. ब्रेक दाबला की ब्रेक लाइटऐवजी पार्किंगचे दिवे आणि डॅशबोर्डचा उजेड लुकलुकतो. इंडिकेटर दिला की टेल लाइटही त्याच तालावर मंद होतो. मागच्या दिव्यात २१/५ वॅटचा दोन फिलामेंटचा बल्ब असतो: २१ ब्रेकचा, ५ टेलचा, आणि दोघांची अर्थ एकच, बल्बचं पितळी बूड. ते बूड बॉडीपासून तुटलं की ब्रेकचा करंट २१ च्या फिलामेंटमधून आत येतो आणि ५ च्या फिलामेंटमधून उलटा बाहेर पडून पार्किंगच्या वायरीत शिरतो. तिथून त्याला दुसऱ्या दिव्यांची चांगली अर्थ मिळते. म्हणून नको ते दिवे पेटतात. असं काही दिसलं की बल्ब बाजूला ठेवा आणि सरळ होल्डरच्या अर्थकडे जा.

हेडलाइटचंही तसंच. एच-४ म्हणजे हेडलाइटच्या दोन फिलामेंटच्या बल्बला तीन पाय असतात: अप्परचा, डिपरचा आणि एक सामाईक. एका बाजूचा सामाईक पाय सुटला की डिपर लावल्यावर त्या दिव्याची दोन्ही फिलामेंट लालसर मिणमिणतात आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवाही फिकट पेटतो. सुझुकी आणि टोयोटा घराण्यातल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत सामाईक पायाला प्लस येतो आणि स्विच अर्थच्या बाजूला असतो. तिथे हेच लक्षण त्या बाजूचा फ्यूज उडाल्याचं असतं. तुमच्या गाडीत काय आहे ते आधी ठरवा: कपलर काढा, हेडलाइटचा स्विच चालू करा, मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला धरून तिन्ही खाचा तपासा. सामाईक खाचेत १२ व्होल्ट आले तर स्विच अर्थच्या बाजूला आहे.

अर्थ तपासायची झटपट रीत अशी. लांब वायरीचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावा, दिवा पेटता ठेवा आणि दुसरं टोक त्या दिव्याच्या अर्थला टेकवा. दिवा एकदम उजळला तर निदान झालं. पक्कं मोजायचं तर मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन पेटत्या बल्बच्या बुडाला. ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत चालतं. अर्धा व्होल्ट किंवा त्याहून जास्त दिसला तर अर्थ खराब आहे.

दुरुस्ती सोपी, पण मन लावून करायची. बोल्ट काढा, लग आणि पत्रा दोन्ही चकचकीत होईपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा, आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावा. आधी जेली आणि मग बोल्ट असं नको. पत्राच कुजला असेल तर त्या दिव्यापासून चॅसीपर्यंत नवीन काळी वायर टाका. कोकणात किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या गाडीला मी प्रत्येक कोपऱ्यासाठी अशी वेगळी वायर टाकूनच घेतो. फार खर्च नाही आणि पुढची बरीच वर्षं निवांत जातात.

प्लसच्या बाजूने व्होल्टेज कुठे हरवतं

अर्थ स्वच्छ आहे आणि तरीही हेडलाइट पिवळे, तर आता प्लसचा रस्ता मोजायचा. लाल पिन बॅटरीच्या प्लसला, काळी पिन पेटत्या बल्बच्या प्लसच्या पायाला. मीटरवर जे दिसेल ते वाटेत हरवलेलं व्होल्टेज. अर्धा व्होल्ट क्षम्य आहे. जुन्या गाड्यांत दीड-दोन सहज सापडतात.

दीड-दोन व्होल्ट किरकोळ वाटतात, पण बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो. व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड ३० टक्क्यांनी घटतो. बॅटरीवर १२.४ आणि बल्बवर १०.६ असेल तर जवळजवळ ४० टक्के उजेड गेला, आणि बल्ब अगदी नवा आहे. ते हरवलेले १.८ व्होल्ट उष्णता होऊन बाहेर पडतात. दोन्ही डिपर मिळून आठ-नऊ अँपिअर घेतात, म्हणजे पंधरा वॅटच्या आसपास उष्णता एखाद्या जोडात मुरते आहे. कपलरचं प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं, वितळलेलं दिसतं ते यामुळेच.

आता काळी पिन बल्बपासून एकेक टप्पा मागे आणत जा: कपलरच्या आधी, डिपर स्विचच्या बाहेर, डिपरच्या आत, मुख्य स्विचच्या बाहेर, आत, फ्यूजच्या दोन्ही टोकांना. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम घसरला, तिथे दोष. जीपमध्ये पायाने दाबायचा डिपर स्विच असतो आणि तो बरोबर तिथे बसवलेला असतो जिथे ओल्या चपलांचा चिखल साचतो, त्यामुळे मी तिथूनच सुरुवात करतो. मारुती ८०० सारख्या गाडीत स्टिअरिंगखालच्या दांडीतले कॉन्टॅक्ट जळतात. फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज शाबूत असला तरी तो धरणाऱ्या पितळी पट्ट्या काळ्या आणि सैल झालेल्या असतात. फ्यूज काढून त्या घासल्या आणि किंचित आत दाबल्या की काम होतं.

स्विच अर्थच्या बाजूला असलेल्या गाडीत हीच मोजणी उलटी करायची: काळी पिन बॅटरीच्या मायनसवर कायम आणि लाल पिन बल्बच्या डिपरच्या पायापासून स्विचकडे सरकवत न्यायची.

नवखी माणसं इथे मीटरच्या ‘बीप’वर फार विश्वास टाकतात. वायर दोन्ही टोकांना धरली, बीप वाजला, वायर चांगली. असं नसतं. आतल्या सगळ्या तारा तुटून एकच शिल्लक असली तरी बीप वाजतो. करंट नसताना गंजलेल्या जोडावरही पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. करंट वाहत असतानाच जोड खरं बोलतो, म्हणून दिवा पेटलेला हवा हा माझा आग्रह.

फ्यूज सारखा उडतो तेव्हा

फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावू नका, जाड फ्यूजही नको. तिथे फ्यूज जळत नाही मग वायरिंग जळतं, आणि जुन्या गाडीत वायरिंगच्या शेजारीच पेट्रोलचा पाइप असतो.

त्या सर्किटमधले सगळे बल्ब काढून ठेवा. उडालेला फ्यूज काढून त्याच्या रिकाम्या जागेच्या दोन टोकांना तुमचा २१ वॅटचा टेस्ट लॅम्प लावा आणि स्विच चालू करा. कुठेतरी शॉर्ट असेल तर लॅम्प पूर्ण पेटेल, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही, म्हणून वायरीला धोका नाही. आता निवांतपणे वायरिंग एकेका जागी हलवत चला. पत्र्याच्या भोकातून वायरी जातात तिथलं रबर, दाराची किंवा डिकीची बिजागरी, स्टिअरिंगचा खांब, सायलेन्सरच्या जवळचा भाग, आणि मागाहून लावलेला हॉर्न किंवा गाण्यांचा टेप जिथे जोडलाय ती जागा. जिथे हात लागताच लॅम्प विझला, तिथे शॉर्ट आहे. एकही फ्यूज वाया न घालवता दोष सापडतो.

वायरींच्या रंगांवर फार विसंबू नका. ल्युकास (विजेचे भाग बनवणारी ब्रिटिश कंपनी) पद्धतीच्या गाड्यांत काळा म्हणजे अर्थ, निळा हेडलाइटचा, लाल पार्किंगचा असा संकेत आहे खरा, पण गाडी चार वायरमनच्या हाताखालून गेलेली असली की ज्याच्याकडे जो रंग होता तो त्याने जोडलेला असतो.

इंडिकेटर आणि ब्रेक लाइट

इंडिकेटरचा ताल एकाच बाजूला बिघडला असेल तर फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा भाग) निर्दोष आहे, त्या बाजूचा बल्ब, त्याचे वॅट आणि अर्थ बघा. दोन्ही बाजूंना बिघडला तर फ्लॅशर किंवा त्याला येणारं व्होल्टेज. जुना उष्णतेवर चालणारा फ्लॅशर ठरावीक करंटवरच बेतलेला असतो, त्यामुळे एलईडी बल्ब टाकले की तो लुकलुकायचाच थांबतो. त्यासोबत एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घ्यावा लागतो.

ब्रेक लाइट लागत नसेल तर स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडून बघा. दिवा लागला तर स्विच गेला. जीप आणि ॲम्बॅसॅडरसारख्या गाड्यांत हा स्विच ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. पॅडल खूप जोरात दाबल्यावरच दिवा लागतो, ही त्याची शेवटची घंटा. तो बदलताना ऑइलमध्ये हवा शिरते, तेव्हा नंतर ब्रेकची हवा काढायलाच हवी. ते येत नसेल तर हे काम मेकॅनिककडेच द्या. बल्ब बसवताना बुडाच्या दोन खुंट्यांची उंची बघा, २१/५ च्या बल्बला त्या वरखाली असतात. सैल झालेल्या होल्डरमध्ये तो उलटाही बसतो आणि मग टेल लाइट झगझगीत, ब्रेक लाइट मंद.

हेडलाइटला रिले

बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून जातो. पद्मिनीचं उत्पादन थांबून दोन दशकं उलटली, मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली. चांगले मूळ स्विच शोधत फिरण्यापेक्षा आहे तो जपणं शहाणपणाचं, आणि त्यासाठी रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) हवेत: एक अप्परला, एक डिपरला.

बॅटरीच्या प्लसपासून अडीच चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीलगतच २० अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पायाला. ८७ मधून तेवढ्याच जाड वायरीने हेडलाइटला. जुन्या डिपर वायरीला आता ८६ चा पाय द्या आणि ८५ ला चांगली अर्थ. दुसरा रिले अप्परच्या वायरीवर असाच. स्विचला मग अर्ध्या अँपिअरहून कमी ओझं उरतं. स्विच अर्थच्या बाजूला असेल तर ही जोडणी चालत नाही, त्या पद्धतीचं तयार किट मागून घ्या.

रिले बसल्यावर बल्ब ६०/५५ चाच ठेवा. पूर्ण व्होल्टेज मिळालं की तो पुरेसा उजेड देतो. १००/९० चा बल्ब कपलर आणि रिफ्लेक्टर भाजतो आणि समोरच्याचे डोळे दिपवतो. काचेला बोट लावू नका. लागलंच तर स्पिरिटने पुसा.

जोड कसे करायचे

वायरी पिळून वर टेप गुंडाळणं हा जोड नव्हे. लग क्रिंप करा, ओढून बघा, वर स्लीव्ह चढवून गरम करा. वायर सोलल्यावर आतलं तांबं काळं निघालं तर चकचकीत तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा. फूटभर मागे जाऊनही काळंच असेल, किंवा वायर वाकवताच वरचं आवरण तडकत असेल, तर तुकडे जोडत बसू नका. त्या भागाचं वायरिंग पूर्ण बदला आणि जुनं फेकण्याआधी त्याचे फोटो व लांबी घेऊन ठेवा.

सगळं झालं की हेडलाइटचा नेम लावा, कारण उजेड वाढल्यावर आधीचा चुकलेला नेम समोरच्याला जास्त त्रास देतो. टायरमध्ये हवा बरोबर भरा, सपाट जागी भिंतीपासून साडेसात मीटरवर गाडी उभी करा आणि ड्रायव्हरच्या जागी कुणाला तरी बसवा. हेडलाइटच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेषेच्या साधारण साडेसात सेंटिमीटर खाली यावी आणि डाव्या बाजूला ती थोडी वर चढावी. ती उजवीकडे चढत असेल तर ती काच उजव्या बाजूने वाहतूक असणाऱ्या देशासाठी बनलेली आहे. स्क्रू कितीही फिरवलात तरी तो नेम जुळणार नाही, हेडलाइटच बदलून घ्यावा लागेल.